काका, शिंगाचा पेन झाला, तुमचे मनापासून आभार

काका नमस्कार, समोर आलो की नीट बोलता येत नाही म्हणून लिहूनच टाकतोय, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून इथेच लिहितोय.

लाकडाचे पेन लेथवर, म्हणजे तुकडा गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, बरेच केले होते मी, त्यामुळे हरणाचं गळून पडलेलं शिंग मिळालं तेव्हा वाटलं हेही तसंच होईल. पहिले दोन तुकडे ड्रिल करतानाच उभे तडकले. तुम्ही ते हातात घेतलेत, भोकाच्या आतला तपकिरी डाग नखाने खरवडून दाखवलात आणि म्हणालात, "जळलंय रे हे. लाकूड नाही, हाड आहे." बैलाचं शिंग नखासारखं केराटिनचं, पण हरणाचं शिंग म्हणजे खरंखुरं हाड, दरवर्षी गळून नवीन येणारं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग तुम्ही अख्खी दुपार माझ्याजवळ उभे राहिलात. शिंगाचा बाक बघून त्यातल्या त्यात सरळ भाग निवडलात, नाहीतर ड्रिल बाजूने बाहेर आलं असतं. 7 मिमीचं ड्रिल, स्पीड कमी, थोडंसं आत गेलं की बाहेर काढायचं, चुरा झटकायचा, गार होऊ द्यायचं, परत आत. मी घाई केली की तुम्ही काही न बोलता टेलस्टॉकच्या, म्हणजे ड्रिल पुढे सरकवणाऱ्या भागाच्या, चाकावर हात ठेवायचात. तो हात मी विसरणार नाही काका. आणि स्वतःचा मास्क काढून मला दिलात, ही धूळ फुफ्फुसात जाता कामा नये म्हणून, तेव्हा तुम्ही स्वतः दाराबाहेर जाऊन उभे राहिलात तेही बघितलंय मी.

आतला स्पंजासारखा भाग उघडा पडला तेव्हा माझा धीरच सुटला होता, पण तुम्ही पातळ सुपरग्लू थेंब थेंब पाजायला लावलात, सुकला की परत, सगळी भोकं भरेपर्यंत. नंतर धारदार हत्याराने अगदी हलका हात, आणि शेवटी पाणी लावून 12000 ग्रिटपर्यंत, म्हणजे अगदी बारीक घासकागदापर्यंत, घासलं. पांढऱ्यात करड्या रेषा अशा उठून आल्यात ना, बघत राहावंसं वाटतं.

त्याच शिंगाचा एक तुकडा उरलाय, तो तुमच्या पेनासाठी ठेवलाय. पातळ झाला की भोकात बसवायची पितळी नळी आतून झळकेल असं वाटतंय, तर नळी आधी पांढरी रंगवू का, तेवढं सांगा.