डॅशबोर्डवरचं घड्याळ

ठाणे, रविवार सकाळ

प्रिय सुहास,

काल रात्री साडेअकराला तू पाठवलेले पोर्शेच्या ब्रोशरचे अठरा स्क्रीनशॉट मिळाले. वहिनींना सांगितलंयस का, असं विचारणार होतो. मग वेळ बघितली आणि उत्तर कळलं. व्हॉट्सॲपवरच लिहायला बसलो होतो, पण मजकूर मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला, म्हणून सरळ पत्रच लिहितोय.

पोर्शे 911 घे की नको घे, हे तू विचारलेलंच नाहीस, तेव्हा मीही त्यात पडत नाही. प्रश्न फक्त जादा पैसे मोजून मिळणारं स्पोर्ट क्रोनो पॅकेज घ्यावं की नको, एवढाच. आणि त्यातलं ते डॅशबोर्डवरचं, स्टॉपवॉचचंही काम करणारं गोल घड्याळ बघून तुझा जीव खालीवर झालाय, हे मला स्क्रीनशॉट नंबर सातवरूनच कळलं. त्यात तू घड्याळ मोठं करून पाठवलंयस!

आप्पांचं स्टॉपवॉच आठवतं ना? दादोजी कोंडदेव स्टेडियमवर पोरांना पळवायचे तेव्हा त्यांच्या गळ्यात असायचं ते. वरच्या बटणाचं निकेल अंगठ्याने झिजून खालचं पितळ दिसायला लागलं होतं. आपण दोघं फिनिश लाइनपाशी उभे राहून एकाच पोराची वेळ घ्यायचो आणि दोघांचे आकडे कधी जुळायचे नाहीत. आप्पा दोन्ही वह्यांत लिहून घ्यायचे आणि हसायचे. 100 मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची असेल तर तिच्यात 0.24 सेकंद मिळवायचे, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. बंदूक वाजल्यावर बटण दाबायला माणसाला तेवढा उशीर होतो.

आता तुझं ब्रोशर बघ. 2024 मध्ये आलेली नवी 911 कॅरेरा शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला 4.1 सेकंदांत जाते, स्पोर्ट क्रोनो घेतलं तर 3.9. फरक 0.2, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या चुकीपेक्षाही कमी.

तरी तो फरक खोटा नाही. शंभरच्या वेगाला 0.2 सेकंदांत गाडी साडेपाच मीटर जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीपेक्षा जास्तच. पण त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही, 394 पीएस (म्हणजे अश्वशक्तीच) आहे ती तेवढीच राहते. फायदा मुख्यतः लाँच कंट्रोलचा, म्हणजे उभी गाडी एका झटक्यात सोडायच्या सोयीचा. माझ्या एका गिऱ्हाइकाने मला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेलं होतं, त्याच्या जुन्या 911 मध्ये, तेव्हा तो प्रकार अनुभवला. स्पोर्ट प्लस मोड लावायचा, डावा पाय ब्रेकवर दाबून धरायचा, उजवा ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत. इंजिन वरच्या आरपीएमवर जाऊन तिथेच घुमत राहतं, प्रेशर कुकर शिट्टीला येतो तसं. मग ब्रेक सोडायचा. मी जेवणानंतरची बडीशेप चघळत बसलो होतो. ती थेट घशात गेली आणि माझा ठसका संपेपर्यंत शंभर कधीच मागे पडले होते.

पण सुहास, हे तू करणार कुठे? अटल सेतूवर मर्यादा शंभर, एक्सप्रेसवेवर शंभर, घाटात साठ, आणि वर कॅमेरे. म्हणजे चार सेकंदांत तुझा कायदेशीर खेळ संपला. पाम बीच रोडवर नेरूळहून निघून मोराज सर्कलपर्यंतची वेळ लावायची म्हटलीस तर ती गाडीची नव्हे, सिग्नलची वेळ होईल. ट्रॅकवरही त्या गिऱ्हाइकाने डॅशबोर्डच्या घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. त्याने काचेवर जीपीएसची डबी चिकटवली होती, लॅपच्या वेळा ती आपोआप लिहीत होती. घड्याळ बघायला त्याला फुरसत तरी कुठे होती?

एवढं वाचून तुला वाटेल मी नको म्हणणार. थांब.

त्या पॅकेजमध्ये घड्याळामागे लपलेली एक गोष्ट आहे आणि ती मात्र माझ्या धंद्यातली आहे. वागळे इस्टेटमध्ये इतकी वर्षं मी मशीनखाली रबरी पॅड घालतोय. मऊ पॅड घातलं की हादरे जिरतात, पण मशीन डुलतं आणि माप जातं. कडक घातलं की मशीन हलत नाही, पण हादरे फरशीतून शेजारच्या ग्राइंडरपर्यंत जातात आणि तिकडचा कारागीर माझ्या नावाने शंख करतो. मधलं काहीतरी घालून आपण वेळ मारून नेतो. गाडीच्या इंजिनाचंही दुखणं तेच. त्यात 911 चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं. वळणावर गाडी वळते आणि मागचं ते धूड क्षणभर जुन्याच दिशेला जाऊ बघतं. या पॅकेजमधल्या माउंट्समध्ये, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवतात त्या पॅडमध्ये, चुंबकाला दाद देणारा द्रव असतो. गाडी सरळ संथ चालली की माउंट मऊ राहतात, वळणात घातलीस की चुंबकाच्या जोरावर तिथल्या तिथे कडक होतात. अरे, मऊ आणि कडक दोन्ही एकाच पॅडमध्ये! असं पॅड मला मशीनखाली मिळालं तर मी उधारीवर आणीन.

स्टीअरिंगवरच्या त्या गोल बटणाचाही उपयोग आहे. त्याच्या मधोमध असलेलं छोटं बटण दाबलं की वीस सेकंद गाडी इंजिन-गिअर सगळं झटपट पुढे काढायच्या तयारीत ठेवते. माळशेजला दूधाच्या टँकरमागे अडकलास की त्याची किंमत कळेल.

पैशांचं थोडक्यात सांगतो. गाडी पूर्ण बांधून आयात होते, म्हणजे पॅकेजच्या किमतीवरही आयात शुल्क लागणार, त्यावर 40 टक्के जीएसटी, मग विम्याचा हप्ताही त्या हिशोबाने. ब्रोशरमधला परदेशी आकडा रुपयांत करून खूश होऊ नकोस. विकताना घड्याळ नसलेली गाडी बघून गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणतात, ते खरं असेलही, पण तू पहिली स्कूटर अजून विकली नाहीयेस.

त्यामुळे माझं म्हणणं असं. एकच गोष्ट घेणार असशील तर आधी पुढचा भाग उचलणारी लिफ्ट घे. ती नाक 40 मिलिमीटर वर उचलते. तोच गिऱ्हाईक एकदा गाडी दाखवायला आमच्या सोसायटीत आला आणि पोडियमच्या रॅम्पवर असा खर्रर्र आवाज झाला, की वॉचमन काठी टाकून गाडीखाली वाकला. पुढच्या बंपरची कड फुटली, आणि तो बिचारा चहा न घेताच गेला. तुझ्या सीवूड्सच्या रॅम्पचा चढ आमच्यापेक्षा कडक आहे. लिफ्टनंतर पैसे उरले आणि वर्षातून दोनदा तरी ट्रॅकवर जाईन असं छातीवर हात ठेवून सांगू शकलास, तर क्रोनो जरूर घे, माउंट्ससाठी घे. नुसतं घड्याळ हवं असेल तर आप्पांचं देतो, किल्ली दिली की अजून चालतं.

पुढच्या रविवारी लवकर ये. मामलेदारला मिसळ खाऊ, तू मध्यमच घे, मागच्या वेळचं आठवतंय. मग मीटरटेप घेऊन तुझ्या रॅम्पवर जाऊ. आणि तोवर वहिनींना सांगून टाक.

तुझा,
विन्या

ता. क. स्क्रीनशॉट नंबर बारामधला पिवळा रंग नको. सोसायटीत सगळे टॅक्सीवाला म्हणतील.