भटांचा शेवटचा संग्रहही वाचा

महोदय,

गझलकार सुरेश भट गेले ते १४ मार्च २००३ रोजी. त्यानंतर ‘रसवंतीचा मुजरा’ हा त्यांचा संग्रह आला. पण भटांचा विषय निघाला की बोलणे ‘रंग माझा वेगळा’ आणि ‘एल्गार’ या आधीच्या संग्रहांपाशीच थांबते, फार तर हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांच्या गीतांना दिलेल्या चालींपर्यंत जाते. या संग्रहात ‘एल्गार’ची धार सगळीकडे नाही, हे माझेही मत. तरी शेवटपर्यंत एक मात्राही न सांडणारा कवी पाहायचा तर तो इथे वाचावा.

भटांचा खरा वारसा मला त्यांच्या ‘गझलेची बाराखडी’त दिसतो. काफिया (यमक), रदीफ (दोन ओळींच्या शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे तेच शब्द), अलामत (यमकात कायम राहणारा स्वर) म्हणजे काय, हे त्यांनी सोप्या मराठीत सांगितले आणि नवोदितांना ती पुस्तिका स्वतः पाठवली. कवी सहसा आपली कारागिरी झाकून ठेवतात! आज मोबाइलवर रोज ‘गझल’ म्हणून जे येते, त्यात पुष्कळदा वृत्त पहिल्याच शेरात मोडलेले असते, आणि वर वाहवाही असतेच.

नागपुरात रेशीमबागेत त्यांच्या नावाचे भव्य सभागृह आहे, चांगलेच आहे. त्याच्या जोडीला त्यांच्या समग्र कवितेची एक चिकित्सक आवृत्ती हवी: कोणती रचना केव्हाची, कुठे पाठभेद, मरणोत्तर छापलेल्यांपैकी कोणत्या त्यांनी स्वतः अखेरच्या ठरवल्या होत्या. त्यांचे हस्ताक्षर ओळखणारे, त्यांच्या मैफलींत बसलेले लोक अजून आहेत, तोवरच हे काम व्हावे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते हाती घ्यावे.

— एक वाचक, अमरावती