पोटाला बांधलेली उशी : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. गेल्या गॅदरिंगला आठवीच्या मुलांनी टीव्हीवरच्या कॉमेडी शोसारखं स्किट बसवलं होतं. एका मुलाने पोटाला उशी बांधली, वर आईचा गाऊन चढवला आणि आल्या आल्या खुर्ची मोडल्याचं सोंग केलं. तेवढ्यावरच अख्खं पटांगण हसलं. त्याला तोंडही उघडावं लागलं नाही. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मात्र मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. वर्गातली पोरं वळून वळून तिच्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या दुपारच्या जेवणाला ती अर्धा डाव भात घ्यायला लागली. "बस्स बाई," म्हणायची. आणि शाळा सुटली की दुकानाच्या आडोशाला उभी राहून चिप्सची पाकिटं संपवायची. लाज वाटली म्हणून वजन उतरत नाही, साहेब. खाणं लपून होतं, एवढंच.

आम्ही सीमाभागातली माणसं मराठी वाहिन्याही बघतो, कन्नडही. एकीकडे 'जाडी', दुसरीकडे 'डुम्मी'. मालिकेतली जाड बाई क्वचितच नायिका असते. एरवी ती खादाड मैत्रीण नाहीतर आळशी जाऊ. 'टुणटुण' म्हणून हाक मारणाऱ्यांना, त्या नावाने हिंदी सिनेमात विनोदी भूमिका करणाऱ्या उमादेवी आधी पार्श्वगायिका होत्या हे ठाऊकही नसतं. बातम्यांत लठ्ठपणाचा विषय निघाला की रस्त्यावरच्या माणसांची नुसती पोटं दाखवतात, चेहरा कापून. मला थायरॉइड आहे. अनुवंश, औषधं, झोप, कामाची पद्धत, वजनामागे किती कारणं असतात. पडद्यावर मात्र एकच, जिभेवर ताबा नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 24 टक्के महिला आणि जवळपास 23 टक्के पुरुषांचं वजन जास्त आढळलं. पंतप्रधानांनी फेब्रुवारी 2025 मध्ये 'मन की बात'मधून तेल 10 टक्के कमी करा असं सांगितलं, ते योग्यच. पण ज्या माणसाला दवाखान्यात वजनकाट्यावर उभं राहायचीच धास्ती बसली आहे, त्याच्यापर्यंत हा सल्ला पोचणार कसा?

केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत भाषिक आणि प्रादेशिक गटांचं चित्रण तुच्छतेने करू नये असं कलम आहे. त्याची किंमत आम्हाला वेगळी सांगायला नको. दिव्यांगांच्या चित्रणाबाबतही सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली. केबलच्या त्या नियमांत 'शरीरयष्टी' हा एक शब्द घाला, ही माझी विनंती आहे. आणि लठ्ठपणावरच्या सरकारी जाहिराती करताना डॉक्टरांबरोबर जाड माणसांनाही विचारा.

डिसेंबरात पुन्हा गॅदरिंग आहे. ती मुलगी आता नववीत गेली. वर्गात कविता इतकी सुरेख चालीवर म्हणते. पण स्टेजवर यायला तयार नाही.

आपली,
एक शिक्षिका, बेळगाव