नजर कुणाची?

प्रिय मीनल,

तुझं पत्र मिळालं. "बाईनं काढलं म्हणून नग्न चित्र वेगळं कसं ठरतं?" असं तू विचारलंस. थोडं लागलं, पण प्रश्न रास्त आहे.

अमेरिकन चित्रकार जोन सेमेलनं १९७०च्या दशकात स्वतःचं शरीर रंगवलं. आडवं पडून मान जराशी उचलली की आपलं आपल्याला जे दिसतं, तेच तिनं घेतलं: छातीचा उतार, पोट, मांड्या, कधी शेजारी पहुडलेला पुरुष. चेहरा नाहीच, कारण आपला चेहरा आपल्याला कुठे दिसतो? बघणारा थेट तिच्या डोळ्यांच्या जागी जातो. लांब उभं राहून तिला न्याहाळायची सोयच उरत नाही. शेकडो वर्षं चित्रातली नग्न बाई दुसऱ्यासाठी निजलेली असायची. इथे ती स्वतः बघते आहे, हवंसं वाटणंही तिचंच आहे. पुढे म्हातारपणी सुरकुत्या आणि ओघळलेलं अंग तिनं तितक्याच मायेनं रंगवलं. त्या वयातल्या देहाची इतकी मोकळी चित्रं आपण किती पाहिली गं?

आणि नजर उलटली की लोक बिथरतात. फ्रान्सची सुझान वालादों आधी चित्रकारांची मॉडेल होती, मग स्वतः चित्रकार झाली. १९०९ साली 'आदम आणि ईव्ह'मध्ये तिनं स्वतःला आणि आपल्या प्रियकराला विवस्त्र रंगवलं. पुढे चित्र प्रदर्शनात मांडायचं तर आदमच्या कमरेला पानं रंगवावी लागली. ईव्ह तशीच राहिली! बाईचं अंग उघडं चालतं; बाईनं पुरुषाकडे बघितलेलं चालत नाही. १९७३ मध्ये अमेरिकन चित्रकार बेटी टॉम्प्किन्सची संभोगाची चित्रं पॅरिसला प्रदर्शनासाठी निघाली, तर फ्रेंच कस्टमनं ती अडवून ठेवली. त्याच मालिकेतलं एक आज पॅरिसच्याच पाँपिदू या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

स्त्रीवादी म्हणून खपवलेलं सगळंच मला पटत नाही. पुष्कळदा जुनीच पोझ असते, सही तेवढी बाईची. पण आज मुली वयात येतात त्या फोनवरची शरीरं बघत. आपण कशा दिसतो हे त्यांना फार लवकर कळतं. आपल्याला काय आवडतं, कुठे नको म्हणायचं, हे कुणी दाखवतच नाही. नग्नतेचा पूर आलाय आणि बाईची इच्छा त्यात सापडत नाही. म्हणून मला ही चित्रं आज जास्तच गरजेची वाटतात. त्यांत लाज नाही, दिखावाही नाही. नवऱ्याशी किंवा जोडीदाराशी जे बोलायला तोंड उघडत नाही, ते एखाद्या चित्रासमोर उभं राहून बोलता येतं.

तू कोळशानं काढलेली स्वतःची चित्रं अजून कपाटातच आहेत ना? "लोक काय म्हणतील" हे तू दोनदा लिहिलंयस. काय म्हणतील ते म्हणू देत. पाठीचं ते मोठं चित्र आणि बाळंतपणानंतरच्या पोटाचं, ही दोन तरी येत्या प्रदर्शनाला दे. मांडायला मी येते.

तुझीच,
वसुधा