लातूरच्या गंजगोलाईमागच्या कॉम्प्युटरवाल्या दादांना, जाहीर आभार

दादा, नमस्कार.

तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "असू द्या ओ ताई" म्हणून विषय तिथंच गुंडाळता, म्हणून सगळ्यांच्या समोर लिहायलेय. तुमचं नाव टाकत नाही, दुकानाचंही नाही. प्रिंटरच्या ढिगाऱ्यामागं बसलेला माणूस एवढं ओळखणाऱ्यांना पुरे, आणि बाकीच्यांनी गर्दी केली तर आमची कामं कधी व्हायची.

तर आभार कशाचे, तर मी चार गेम संपवले. हसू नका. गेम सुरू करणारे लातुरात गल्लोगल्ली सापडतील, शेवटची पाटी पडद्यावर बघितलेले किती ते विचारा. माझ्याकडं अर्ध्यात सोडलेल्या गेमचा नुसता खच होता, कारण दर वेळेला मशीनच मान टाकायचं.

मशीन म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून लिलावात निघालेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम आणि घरघर करणारी हार्ड डिस्क. तुमच्या आधी एका दुकानात नेलतं, तिथं उघडायच्या आधीच सांगितलं की हे भंगारात घाला, नवीन बसवून देतो, आणि वर विचारलं, भाऊ खेळतो का? भाऊ पुण्याला असतो आणि त्याला कँडी क्रशच्या पुढं काही येत नाही. तुम्ही आधी झाकण काढलं, ब्लोअर मारला (जी धूळ निघाली ती बघून मला तर तोंड लपवावं वाटलं), प्रोसेसरवरची वाळून खडंग झालेली पेस्ट पुसून नवीन लावली, २४० जीबीची एसएसडी, म्हणजे जलद चालणारी डिस्क, टाकली, रॅमची अजून एक पट्टी बसवली, आणि मग विचारलं, "खेळणार काय ताई?" एवढं साधं विचारणारे तुम्ही पहिलेच.

मी म्हणलं रेड डेड रिडेम्प्शन २. तुम्ही एक मिनिट काहीच बोलला नाहीत. मग म्हणलात, गेम दीडशे जीबीचा आहे, एसएसडी २४० ची, त्यात विंडोज बसलंय, आणि तरी बी टाकला तर चालंल, पण लग्नाचा अल्बम उलटल्यासारखं एक एक फोटो बघत बसाल. आणि बिलबुकातलं एक पान फाडून मागं चार नावं लिहिली, म्हणलात ह्याच क्रमानं खेळा, एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. ते पान अजून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेलं आहे, त्यावर कुणाच्यातरी टोनरचा अर्धा हिशोब बी आहे.

पहिलं नाव पेपर्स, प्लीज. मी घरी येऊन बघितलं तर २०१३ चा गेम, लुकस पोप नावाच्या माणसानं जवळपास एकट्यानं केलेला, चित्रं अशी की जुन्या मोबाइलवरची वाटावीत, म्हणलं दादांनी मला लहान लेकरू समजलं काय. खेळायला बसले आणि जेवायचं राहिलं. आर्स्टोत्स्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, आणि आपण बॉर्डरवरच्या खिडकीतला कारकून. माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो, आपण तारीख बघायची, शहराचं नाव बघायचं, फोटो बघायचा, हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. नियम रोज बदलणार. काल नुसता पासपोर्ट चालत होता, आज परमिट पाहिजे, उद्या परमिटवरचं कारण आणि तोंडानं सांगितलेलं कारण जुळलं पाहिजे. पगार माणशी पाच क्रेडिट, त्यात भाडं, जेवण, शेकोटीचा खर्च, आणि घरात आजारी पडणारी माणसं.

ज्या माणसानं उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर असलं काही काढलंय त्याला हा गेम वेगळा शिकवावा लागत नाही. एका ऑफिसात माझ्या आडनावातली वेलांटी दोन कागदांवर वेगळी निघाली म्हणून फाईल तीनदा परत आलती, आणि खिडकीच्या त्या बाजूच्या बाईला मी मनात काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. गेममधी मीच त्या बाजूला. एक नवरा येतो, त्याचे कागद चोख, जाताना म्हणतो मागं बायको आहे, सांभाळून घ्या. बायको येते, तिच्याकडं एंट्री परमिटच नाही. मी सोडलं तिला. लगेच बाजूच्या मशीनमधून टर्रर्र करत मेमो बाहेर आला. दिवसाच्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून पैसे कट. तर त्या दिवशीची एक माफी तिच्यावर गेली आणि मग पुढच्या प्रत्येक माणसाचा कागद मी असा बघू लागले की जणू त्यानंच मला फसवायचं ठरवलंय. दुसऱ्या दिवशी तशीच एखादी आली असती तर सोडली असती का, मला अजून सांगता येत नाही. आणि तो जॉर्जी, क्रेयॉननं हातानं रंगवलेला कोब्रास्तान देशाचा पासपोर्ट घेऊन येणारा, त्याच्यावर मी इतकी हसले की आईनं आतून विचारलं काय झालं म्हणून.

दुसरं स्टारड्यू व्हॅली, शेतीचा गेम, आणि इथं माझं तुमच्याशी थोडं वाजणार आहे. तुम्ही म्हणलात डोकं शांत होतं. माझं झालं नाही ओ. तुम्हाला माहितीय मी मार्केट यार्डात आडतीवर हिशोब बघते, दिवसभर विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहिते. सोयाबीनच्या सीझनला माणसं रात्रीपासून ट्रॅक्टर लावून थांबतात, सकाळी सौदा निघतो, मग मॉइश्चर मीटरमधी दाणे टाकायचे, माल ओला निघाला की भावातून गेले, मग हमाली, मग तोलाई. २०२४ ला हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि यार्डात पोती त्याच्या कितीतरी खाली जात होती, हे मी माझ्या हातानं लिहिलंय. आणि घरी येऊन मी ह्या गेममधी पार्सनिप लावते, म्हणजे पांढरं गाजर समजा. बी २० ला, चार दिवसांत तयार, विक्री ३५ ला. यंदा ३५, पुढच्या वर्षी ३५. आवक वाढली म्हणून भाव पडला असलं काही नाहीच. दारातल्या पेटीत माल टाकायचा आणि झोपायचं, सकाळी पैसे हजर. पेटी कोण उचलतं तर गावचा मेयर, आणि तो एक रुपया कापत नाही. हे मी यार्डातल्या हमालमामांना सांगितलं तर ते म्हणले, मग आमचं पोट कसं भरतं तिथं?

पाण्याचं तर विचारूच नका. हातातली झारी घेऊन तळ्यावर जायचं, भरायची, तळं आटत नाही. एक दिवस पाणी नाही घातलं तर पीक जळत नाही, निस्तं त्या दिवसापुरतं वाढायचं थांबतं. टीव्हीवर उद्याच्या पावसाचा अंदाज सांगतात आणि तो खरा निघतो. दर वेळेला! अण्णा मागं खुर्चीवर बसून बघायचे, त्यांना शेतीचं कळतं म्हणून आधी उत्साहात होते, मग मी दुपारी नदीवर मासे धरायला लागले तर म्हणले, "हिकडं महिना सरत आला आणि ही बया गळ टाकून बसली, पेरायचं कुणी?" बरोबर होते अण्णा. तिथला सीझन २८ दिवसांचा, तो संपला की उभं पीक एका रात्रीत वाळून जातं. त्यांनी मला फुलकोबी लावू दिली नाही, बारा दिवस लागतात, बसत नाही म्हणले, आणि मी हट्टानं लावली असती तर गेलीच असती.

गेम २०१६ च्या फेब्रुवारीत आला. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या पोरानं चारेक वर्षं घरी बसून चित्रं, गाणी, प्रोग्रॅमिंग सगळं केलेलं. त्याच वर्षी एप्रिलमधी आपल्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं, जलदूत, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. जगातली माणसं तेव्हा ह्या गेममधी झाऱ्या भरत होती आणि आपण घागरी रांगेत लावत होतो. गेम वाईट आहे असं म्हणत नाही मी. त्यातल्या गावचं पडीक कम्युनिटी सेंटर पूर्ण उभं करूनच उठले. पण मला त्यात शेती दिसलीच नाही, शेतकऱ्यानं झोपेत काय बघावं ते दिसलं, आणि ते बघायला बी लोक कामून एवढे येतात हे मला आडतीवर बसून चांगलंच कळतं.

अजून एक, स्टारड्यू निस्ता झोपल्यावर सेव्ह होतो. लाईट गेली की अख्खा दिवस पाण्यात. इन्व्हर्टर आहे घरी पण तो पलटी मारेपर्यंत कॉम्प्युटर बंद पडून परत चालू. मी नवीन यूपीएस घ्यायला आले तर तुम्ही माझाच जुना उघडला, फुगलेली बॅटरी काढली, बारा व्होल्ट सात एएचची नवीन टाकली आणि म्हणलात डब्याला काही झालेलं नाही, डब्याचे पैसे कशाला देता. असा धंदा करून तुमचं कसं चालतं देव जाणे.

तिसरं, हॉलो नाइट. ह्याच्यासाठी तर तुमच्या पायाच पडायला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या दोन-तीन माणसांनी केलेला, २०१७ चा, सगळं हातानं काढलेलं. किड्यांचं बुडालेलं राज्य, आपण एक एवढासा शिंगवाला जीव, हातात खिळा. नकाशा आयता मिळत नाही, कॉर्निफर नावाचा नकाशेवाला कुठंतरी गुणगुणत बसलेला असतो, त्याचा आवाज ऐकत आणि जमिनीवर पडलेले कागद बघत त्याला शोधायचं, त्याच्याकडून अर्धा नकाशा विकत घ्यायचा, बाकीचा आपण हिंडून भरायचा. आणि आपण नकाशावर कुठं उभे आहोत हे दिसायला बी वेगळा कंपास घ्यावा लागतो. मेलो की साठवलेले पैसे तिथंच राहतात, परत जाऊन आणायचे, वाटेत पुन्हा मेलो की संपलं सगळं.

मॅन्टिस लॉर्ड्स म्हणून तीन लढवय्या किडे-बहिणी आहेत, त्यांच्यावर मी अडकले, आधी एक येते, तिला मारलं की दोघी मिळून. तुम्हाला वैतागून व्हॉइस मेसेज केला, रात्रीचे किती वाजले होते बघितलं बी नाही. तुम्ही सकाळी उत्तर दिलं, तेवढंच, "आज मारूच नका. निस्ता मार चुकवा, मेलात तरी चालंल." मला राग आला. पण केलं तसं. संध्याकाळभर एक बी वार केला नाही, नुसती बघत राहिले कुठून येते, येताना हात कसा वळतो, किती वेळ थांबते. आणि त्यानंतर ज्या डावात वार करायला घेतला त्या डावात हात आपोआप चालला. हरल्यावर त्या वाकून मान देतात, आणि त्या गावातला एक बी मॅन्टिस मग अंगावर येत नाही, सगळे झुकतात. माझ्या अंगावर काटा आलता दादा. यूट्यूबवर ह्याचं उत्तर दहा मिनिटांत मिळालं असतं. तुम्ही उत्तर नाही दिलं, एक संध्याकाळ दिली, म्हणून ते जिंकणं माझं वाटतं.

त्याच राज्यातल्या सिटी ऑफ टिअर्स नावाच्या शहरात कायम पाऊस पडत असतो, जमिनीखाली, आणि बऱ्याच वेळानं कळतं की वर तळं आहे आणि ते झिरपतंय. तिथं खिडकीपाशी एक बाक आहे, मी लढायचं सोडून तिथं बसून राहायचे. व्हाइट पॅलेस नावाचा महाल मात्र मला अजिबात पटला नाही. गरगर फिरणाऱ्या करवती, काटे, उडी चुकली की परत. इतकं जपून बांधलेल्या गेममधी मधीच सर्कस कशाला? तुम्ही म्हणाल तोच तर कस आहे. असेल. माझं बोट दुखतंय अजून.

चौथा, राजी. ह्याला ग्राफिक्स कार्ड लागणार म्हणून तुम्ही शेल्फावरचं १०५० टीआय काढून दिलं, ना डिपॉझिट ना चिठ्ठी, कारण ते स्लॉटमधूनच पॉवर घेतं, वेगळी वायर लागत नाही, आणि माझ्या ऑफिसवाल्या डब्याचा पॉवर सप्लाय तेवढ्यालाच टिकतो. गेम आपल्या पुण्याच्या लोकांनी, नॉडिंग हेड्सनी केलाय, २०२० ला आला. सर्कसमधली पोरगी, राक्षसांनी नेलेला भाऊ, गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात, मधले सीन छाया-बाहुल्यांचे. राजस्थानी महाल, कमळं, भिंतीवरची चित्रं, दर चौकात थांबून बघावं असं. मारामारी मात्र तीच तीच होती, आणि शेवट... शेवट आहे कुठं? रंगात आलं आणि पडदा. मला वाटलं कार्ड तापून गेम बंद पडला, म्हणून तुम्हाला फोन केला, तुम्ही हसत सुटलात. पण पहिल्यांदा गेममधल्या पोरीच्या हातात त्रिशूळ बघितला आणि तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही, त्याचं काहीतरी वाटतंच.

तर असं हे. तुमचा पहिला नंबर हॉलो नाइट, मला माहितीय. माझा पेपर्स, प्लीज, आणि ह्यावर मी हटणार नाही. हॉलो नाइटचा पुढचा भाग सिल्कसाँग सप्टेंबर २०२५ ला आलाय, तुम्ही खेळून झाला असाल तर एक शब्द बी बोलू नका. रेड डेडचं सध्या नाव काढत नाही, पानाच्या मागं जागा शिल्लक आहे, अजून चार नावं लिहून ठेवा. आणि ते कार्ड मला परत करायचं नाहीये, विकत घ्यायचंय. रविवारी यार्ड बंद असतं तेव्हा येते. भाव तुम्ही सांगा, पण मी आडतीवरची आहे, पहिल्या आकड्याला हो म्हणणार नाही.

तुमची,
आय-फाइव्ह चौथी पिढीवाली
लातूर