कोचीतल्या चेरलाईच्या अक्कांना, अलिबागहून

अक्का, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही विषय बदललात आणि उडदाचं पीठ किती वेळ कुटायचं ते सांगत बसलात. म्हणून हे चारचौघांत लिहितेय, इथं तुम्हाला मधेच तोडता येणार नाही. नात शाळेत हिंदी शिकते म्हणालात, ती वाचून दाखवेल. मराठी अडली तर तुम्हीच तिला सांगाल, कारण बाबांचं सगळं बोलणं तुम्हाला कळत होतंच.

तुम्हाला आमची अर्धीच हकिगत माहीत आहे. बाबा तुमच्या ओट्यावर येऊन टेकले त्याच्या आधीची ही बाकीची.

बाबा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. गेल्या दिवाळीपासून त्यांना विसरायला होतं. सकाळचं काही राहत नाही, जुनं मात्र लख्ख. मुंबईहून कोचीला जाणाऱ्या बोटीची तिकिटं काढली ती त्यांच्याचसाठी, कारण तिथल्या मट्टांचेरीचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं देऊळ, बघायचं त्यांच्या मनात फार वर्षांपासून होतं. अलिबागेत आमच्याकडे इस्रायल आळी आहे. बाबांचे कितीतरी वर्गमित्र तिथले, पुढं बरेचसे इस्रायलला निघून गेले. कोचीच्या रहाबी नावाच्या माणसानं येऊन कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना, म्हणजे आमच्या शनवार तेल्यांना, धर्माचे रीतिरिवाज पुन्हा शिकवले, असं त्यांच्या घरोघरी सांगत. ते रहाबी जिथले, ते 1568 सालचं देऊळ एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच बाबांचं म्हणणं.

बोटीवर जी सहल आम्हाला विकली तिच्या कागदावर सिनेगॉगचा फोटो पहिला होता. बस तिथं पोचली शनिवारी. दाराला कुलूप. बाबा दारासमोर उभे राहून खो खो हसले. "अगं, शनवार तेल्यांच्या गावचा माणूस मी! शनिवारी ज्यांचा घाणा बंद, त्यांचं देऊळ उघडं कसं असेल?" सहल आखणाऱ्यांना हे एकदाही सुचलं नव्हतं. इझिकेल रहाबींनी 1760 मध्ये बांधलेला घड्याळाचा मनोरा बाहेरून दाखवला, आतल्या निळ्या चिनी फरशांचं वर्णन तोंडी ऐकवलं, आणि उरलेला सगळा वेळ मसाल्याच्या दुकानात. तिथं गाइडचं कमिशन असावं असा माझा संशय आहे, आणि तो मी सोडणार नाही.

आई मिऱ्यांचा भाव करत होती, मी पैसे मोजत होते, तेवढ्यात बाबा दिसेनासे झाले. पुढचा तासभर मी ज्यू टाऊनच्या गल्लीत, मट्टांचेरी राजवाड्याच्या आवारात, धक्क्याकडं, जिथं सुचेल तिथं धावले. गाइडनं थोडा वेळ वाट पाहिली. मग "आम्ही स्वतःच्या मर्जीनं सहल सोडत आहोत" अशा कागदावर माझी सही घेतली आणि बस घेऊन गेला. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. सहल सोडलेल्या माणसांसाठी थांबत नाही. त्या सहीचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता असं नाही, पण बाबांना टाकून बसमध्ये कोण बसणार?

आणि मग फोन आला तो अलिबागहून. मामांच्या औषधाच्या दुकानातला पोरगा सांगत होता, "ताई, काका कोचीला कुणाकडं तरी पेज जेवतायत. घाई नाही म्हणे."

बाबांना माझा मोबाईल नंबर आठवला नव्हता, पण दुकानाचा जुना लँडलाइन तोंडपाठ होता. तो तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलात. कसा, ते मला अजून कळलेलं नाही. आम्ही विचारलं की ते चिडतात.

मी आणि आई धापा टाकत तुमच्या अंगणात आलो तेव्हाचं सांगते. बाजेवर धुवट पांढरं मुंडू पसरलेलं, त्यावर ओले पापड ओळीनं, प्रत्येक पापडावर मिऱ्याचे काळे ठिपके. शेजारी स्टुलावर बाबा, हातात वेताची काठी, डोळे समोरच्या माडावरच्या कावळ्यावर. मला बघून म्हणाले, "थांब, हा एक फार लबाड आहे." पायाशी रिकामी वाटी, तळाला पेजेचे चार दाणे आणि लोणच्याचा लाल ओघळ.

त्या वाटीबद्दल आधी बोलते. बाबांना मधुमेह आहे, सकाळची गोळी पोटात होती आणि जेवणाची वेळ टळत चालली होती. उन्हात आणखी अर्धा तास फिरले असते तर साखर उतरून कुठंतरी पडलेच असते. तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. दारात आलेल्या म्हाताऱ्याला नाव-गाव विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "जेवण जाल्लें वे?" गर्दीत कुणाचं तरी कोंकणी बोलणं कानावर पडलं आणि त्याच्या मागोमाग ते चेरलाईपर्यंत चालत आले होते, एवढं नंतर त्यांच्याकडून कळलं.

पण खरे आभार त्यानंतरच्या तासाचे. दुकानात फोन करताना तुम्ही सांगितलंत की पाहुणे जेवायला थांबलेत, निघाले की कळवते. त्यांच्यासमोर एकदाही 'बिचारे' केलं नाहीत, शेजाऱ्यांना गोळा केलं नाहीत. हाताला काम दिलंत आणि बोलतं केलंत. बाबा तुम्हाला हॉर्टस मलाबारिकसबद्दल सांगत होते. मलबारच्या वनस्पतींचा डचांनी करवलेला तो बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ, 1678 ते 1693 मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेला, आणि त्यातला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचा 1675 चा देवनागरीतला दाखला. सकाळचा नाश्ता न आठवणारा माणूस हे सगळं सनावळीसकट सांगत होता. तुम्ही पापड उलटत म्हणालात, "ते आमचेच", जणू तिघंही गेल्याच वर्षापर्यंत शेजारी राहत होते. पोर्तुगीजांच्या काळात तुमचे पूर्वज गोवा सोडून कोचीला आले, देव बरोबर घेऊन आले, तेही तुम्ही असंच, कालपरवाचं सांगावं तसं सांगितलंत. त्या तासात बाबा पुन्हा मास्तर झाले होते. दिवाळीपासून आमच्या घरात ते कुणालाच जमलं नव्हतं. आम्ही सारखे त्यांना आठवण करून देत असतो, कुणी ऐकत बसत नाही.

तुमच्या भाच्याच्या रिक्षातून निघालो तेव्हा वेळ अगदी थोडा उरला होता. तोप्पुंपडीचा पूल, ट्रॅफिक, विलिंग्डन बेट. वाटेत बाबांनी त्याला हे बेट बंदर खोल करताना काढलेल्या गाळाचं आहे म्हणून सांगितलं, आणि त्या गुणी मुलानं पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा केला. गेटवर जवानांनी रिक्षा अडवली तर बाबांचा हात धरून शेवटपर्यंत चालत आला. पैसे काढले तर म्हणाला, "अक्का मारेल."

बोट मिळाली. सहल विकणाऱ्यांकडून अजून तक्रारीचं उत्तर नाही. सिनेगॉग राहिलं, पण त्याचं बाबांना काही नाही. कोचीला काय बघितलं असं कुणी विचारलं की म्हणतात, "पापड राखले."

अलिबागचा पांढरा कांदा आता निघालाय. दोन वेण्या कुरिअरनं पाठवल्या आहेत, हवेशीर टांगून ठेवा. त्याच खोक्यात भाच्यासाठी एक पाकीट आहे, ते त्याला घ्यायला लावा. आणि आईला तुमचे मिऱ्याचे पापड दोन किलो हवेत. भाव कळवा, पैसे आधी पाठवते. तसेच पाठवलेत तर परत करीन.

तुमची,
मास्तरांची मुलगी