काका, संध्याकाळी आता कंप्रेसर गप्प असतो

आदरणीय काका,

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी जाहीर पत्र कशाला, चवथीला घरी आला होतास तेव्हाच बोलायचं होतं. पण तेव्हा नेवऱ्यांपुढे बिलाचा विषय काढवेना. आणि खरं सांगायचं तर हे इतर कारखानदारांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

गोव्यातल्या मालीम बंदराच्या ट्रॉलरांना बर्फ पुरवणारा आमचा छोटा कारखाना. ७५ हॉर्सपॉवरचा अमोनिया कंप्रेसर, ब्राइनची, म्हणजे थंडगार खारट पाण्याची टाकी, तीत बुडवलेल्या डब्यांत गोठणाऱ्या रोजच्या २५ टन लाद्या. वीजबिलात एकाच युनिटचे वेगवेगळे भाव दिसू लागले तेव्हा मी ते नशिबावर ढकलून मोकळा झालो. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राने नियम बदलले, १० किलोवॉटच्या वरच्या उद्योगांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लावायचे ठरले, सौर तासांत नेहमीपेक्षा निदान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत निदान १.२ पट, हे सगळं तुम्हीच समजावलंत. तेही किती सोपं करून! ‘शंभराचं युनिट संध्याकाळी एकशेवीसला आणि दुपारी ऐंशीला. एक युनिट हलवलंस की चाळीस खिशात.’

मग आठवडाभर तुम्ही वही घेऊन मीटरपाशी बसलात. दर तासाला आकडा. निवृत्त माणसाने दुसऱ्याच्या कारखान्यात घामाघूम होत का बसावं, हे आमच्या कामगारांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या वहीतून निघालं ते असं: रोजचा माल गोठवायला वीस तास पुरतात. उरलेले चार तास कंप्रेसर बंद असतोच, फक्त तो कधी बंद ठेवायचा हे पाळीवाल्याच्या चहावर ठरत होतं! तेच चार तास आता संध्याकाळी काढतो.

मला वाटलं होतं, ब्राइन थंड राहील, गोठणं चालूच राहील. तुम्ही हसलात. लाद्या गोठत असताना ब्राइन दोन अंश चढायला अर्धा तासही पुरतो, हे कागदावर गणित मांडून दाखवलंत. ‘साठा टाकीत नाही, बाबा, खोलीत आहे.’ म्हणजे तयार लाद्यांची खोली. संध्याकाळच्या गिऱ्हाईकाला दुपारीच काढलेला माल द्यायचा. कंप्रेसर बंद असला तरी ब्राइन ढवळणारा पंखा मात्र चालू ठेवायचा, नाहीतर डबे सारखे गोठत नाहीत. हे मी एकदा विसरलो होतो, आणि मधोमध पाणी राहिलेल्या लाद्या पाहून ट्रॉलरवाल्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या महिन्यात मी अतिउत्साहात पंप, क्रशर, कंप्रेसर सगळंच दुपारी एकदम लावलं. कमाल मागणी, म्हणजे एका वेळी ओढलेली सर्वाधिक वीज, वीजकरारातल्या मर्यादेच्या वर गेली आणि वाचलेले पैसे दंडात गेले. तुम्ही रागावला नाहीत. मोटर सुरू होतानाच्या झटक्याला मी उगाच भीत होतो. मागणी मोजतात ती काही मिनिटांच्या सरासरीने, तेव्हा घात करतं ते सगळं एकत्र चालत राहणं. आता पाण्याची टाकी पंपाने पहाटेच भरतो, आणि क्रशर चालतो तोवर पंपाला हात लावत नाही.

दुपारी कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, तापतो, कंप्रेसर थोडी जास्त वीज खातो, म्हणून चाळीसातले पूर्ण चाळीस हाती येत नाहीत. तरी आपल्या दमट किनाऱ्यावर पाण्याने थंड होणाऱ्या कंडेन्सरला दिवसरात्रीचा फरक कमीच जाणवतो, हे तुमचं म्हणणं बिलांनी खरं ठरवलं.

१ जूनपासून मासेमारीबंदी, दोन महिने कारखाना शांत. तेव्हा साठ्याच्या खोलीचं इन्सुलेशन बदलायचं आहे, आणखी थोडा माल मावेल असं. मापं घ्यायला यायचं बघा. वही मी जपून ठेवली आहे.

तुमचा,
बर्फवाला